आरएक्स १०० चं इंजिन घरी खोलायचंय – हाफ की फुल?

बाल्कनी_गॅरेज
नमस्कार मंडळी. बाबांची १९८९ ची यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक बाइक) गावाहून पुण्यात आणलीय. बरीच वर्षं पडवीत नुसती उभी होती. कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग नवीन टाकला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं आणि काय सांगू, चौथ्या-पाचव्या किकला चक्क चालू झाली! पण आता खरी कटकट अशी आहे की थंड असताना ठीक चालते, जरा गरम झाली की रेस आपोआप चढते आणि मूठ सोडली तरी खालीच येत नाही, शिवाय धूर एवढा की सोसायटीत लोक विचारतात डासांची फवारणी आज होती का.

एका मेकॅनिकने लांबूनच आवाज ऐकून 'फुल इंजिन' (म्हणजे खालच्या क्रँककेससकट सगळं खोलायचं) सांगून टाकलं. माझी इच्छा अशी की स्वतःच खोलावं. पाने आहेत, टॉर्क रेंच आहे, बाल्कनी आहे (घरच्यांकडून तात्पुरती मंजूर झालीय). याआधी फोर-स्ट्रोकचं हेड उघडलंय, टू-स्ट्रोक कधी नाही. काय काय हत्यारं लागतील, कुठून सुरुवात करू आणि घरी अजिबात काय करू नये एवढं सांगा.

प्रेक्षक_पहिला_नंबर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फोटो टाका.

खटपट्या
हत्यारांचं नंतर बघू. आधी दोन गोष्टी सांगा. धूर पांढरा आहे की निळसर? आणि गिअर ऑइल कमी होतंय का?

विचारायचं कारण सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा नुसता डबा नसतो, तो पंपच असतो. पिस्टन वर गेला की खाली ओढ तयार होते, रीड व्हॉल्व्हमधून (एकेरी झडप) पेट्रोल-हवा आत येते, पिस्टन खाली आला की ती दाबली जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलेंडरमध्ये जाते. म्हणजे खालचा भाग हवाबंद नसेल तर सगळाच खेळ बिघडतो. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात. डावीकडे मॅग्नेट (वीज तयार करणारं चाक) बाजूचं सील गेलं की तिथून कोरडी हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस चढते, गाडी तापते, आणि तशीच हाणत राहिलात तर एखाद्या दिवशी चढावर पिस्टन धरतो, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकून बसतो. उजवीकडे क्लच बाजूचं सील गेलं की तिकडून हवा नाही, गिअर ऑइल ओढलं जातं आणि ते जळून पांढरा धूर येतो.

तुमची दोन्ही लक्षणं दिसतायत. पण लक्षणावरून इंजिन फाडायचं नसतं, आधी टेस्ट करायची.

बाल्कनी_गॅरेज
धूर पांढरट आहे. गिअर ऑइल आणल्यावर बदललं होतं, आत्ता बघितलं तर बऱ्यापैकी कमी झालंय, खाली मात्र थेंब पण पडलेला नाही.

शांताराम_टूटी
मग गेलंच क्लच साईडचं सील. खाली गळत नाही आणि कमी होतंय म्हणजे इंजिन पितंय.

नटबोल्ट
शांताराम यांच्याशी सहमत, पण अजून एक शक्यता तपासा. या गाडीला ऑटोल्यूब आहे, म्हणजे टूटी ऑइलची (पेट्रोलसोबत जळणारं टू-स्ट्रोकचं ऑइल) वेगळी टाकी आणि पंप. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की कधी कधी पंपाचा चेक व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि टाकीतलं टूटी हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये साठतं. अशी गाडी चालू केली की पहिले काही किलोमीटर भयंकर धूर काढते, मग आपोआप कमी होतो. तुमचा धूर चालवल्यावर कमी होतो की तसाच राहतो? तसाच राहत असेल तर सीलच.

आणि लीक टेस्ट घरी करता येते. मी अशी करते. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढायचा. एक्झॉस्टच्या तोंडावर आणि इनटेकच्या तोंडावर जाड रबर ठेवून वरून पट्टी आवळायची. पिस्टन तळाला आणायचा म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि वरची हवा खालपर्यंत पोचते. जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं काढून त्याच्या रिकाम्या बॉडीत नळी बसवायची आणि प्लगच्या जागी लावायची. आता हवा भरायला सायकलचा पंप वापरू नका, एका झटक्यात जास्त दाब जातो आणि चांगलं सीलसुद्धा बाहेर येतं. घरात ब्लड प्रेशर मोजायचं जुनं डायलवालं मशीन असेल तर त्याचा फुगा आणि डायल नळीला जोडा. ६ पीएसआय (दाबाचं माप) पुरतात आणि त्या डायलवरचे ३०० म्हणजे जवळजवळ तेवढेच होतात. भरून झडप बंद करायची आणि बघत बसायचं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा, म्हणजे डायलवर पन्नासेक पॉइंटपेक्षा जास्त उतरलं तर लीक आहे असं समजा. मग साबणाचं पाणी ब्रशने लावत हिंडायचं, हेडचा जोड, ब्लॉकच्या (सिलेंडरच्या) खालचं पॅकिंग, मॅग्नेट काढून डावं सील. उजवं सील कव्हरच्या आत असतं म्हणून दिसत नाही, पण गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पडदा धरा, तो फुगायला लागला की हवा तिकडून येतेय.

प्रेक्षक_पहिला_नंबर
बीपीचं मशीन गाडीला! ताई, दंडवत.

मायलेजराव
एवढा उपद्व्याप कशाला? ईव्ही घ्या. धूर नाही, सील नाही, काही नाही. आणि शेजाऱ्यांचा पण विचार करा जरा.

शांताराम_टूटी
@मायलेजराव आला का आमचा विघ्नसंतोषी. शेजाऱ्यांचा विचार करूनच तर सील बदलतोय की तो. धूर काढणारी आरएक्स म्हणजे बिघडलेली आरएक्स, ठणठणीत असली तर गरम झाल्यावर नावापुरताच धूर दिसतो.

बाल्कनी_गॅरेज
टेस्ट केली! सासऱ्यांचं बीपी मशीन (त्यांच्याकडे आता डिजिटल आहे). ३०० ला टेकवलं की लगेच काटा खाली. मॅग्नेट काढायला पुलर नाही म्हणून डावं सील बघता आलं नाही, पण ऑइलच्या भोकावर फुगा बरोब्बर येतोय. म्हणजे उजवं नक्की. धूर चालवूनही कमी होत नाही.

आता प्रश्न असा की नुसती सीलं बाहेरून उपसून बदलता येतात का, का इंजिन दोन भागात खोलायचंच?

खटपट्या
बाहेरून उपसायचा मोह सगळ्यांना होतो. मॅग्नेट बाजूचं जमतं पण. मात्र तुमची गाडी वर्षानुवर्षं उभी होती हे विसरू नका. आत बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडलेले असू शकतात. म्हणून आधी हाफ इंजिन करा, म्हणजे हेड आणि ब्लॉक काढा, आणि कनेक्टिंग रॉड हातात धरून बघा. पिस्टन सगळ्यात वर आणून रॉड सरळ वर ओढा, खाली दाबा. वर-खाली टक् असा जराही प्ले जाणवला तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलं, मग फुल शिवाय पर्याय नाही. आडवा सरकला तर घाबरू नका, तेवढी मोकळीक दिलेलीच असते, पुष्कळ लोक ती बघूनच उगाच नवीन किट घेतात. मग क्रँक हळूहळू फिरवून बेअरिंग खरखरतं का ते बोटांना कळतंय का बघा.

हाफमध्येच भागलं तर भागवा. मजा म्हणून क्रँककेस फोडू नये, मूळ जोड एकदा उघडला की तो परत तसाच बसवणं हे आपल्या हातावर असतं.

उद्यमनगर
खटपट्या काका बरोबर बोलले. आमच्याकडं कोल्हापुरात लेथवर रोज कोण तरी क्रँक घेऊन येतंय, निम्म्यांना गरज नसती.

भावा, ब्लॉक उचलताना पिळू नको. डावीउजवीकडं फिरवलास तर रिंगचं टोक पोर्टमधी अडकतंय आणि मोडतंय. सरळ वर. हलत नसंल तर नायलॉनची हातोडी घेऊन पंखांच्या मुळाशी हलकं टकटक कर, पंखावर मारू नको, पंख काचेगत तुटतात. आणि ब्लॉक थोडा वर आला की लगेच खाली स्वच्छ फडकं कोंब, मगच पूर्ण काढ. पिस्टनचं लॉक (पिस्टन आणि रॉड जोडणारी गजन पिन धरून ठेवणारी तार) काढताना ते उडतंय आणि उडून नेमकं क्रँककेसमधीच पडतंय. डोळ्याला चष्मा लाव. लॉक परत वापरू नको, दहा-वीस रुपयासाठी ब्लॉक घालवू नको.

गजन पिन हट्टी असंल तर ठोकू नको, रॉड वाकतोय. हेअर ड्रायरनं पिस्टन गरम कर, हातानं निघंल.

बाल्कनी_गॅरेज
धन्यवाद! 'पंख काचेगत' वाचून हातोडी आधीच कपाटात ठेवली. शनिवार-रविवार बसतो.

नटबोल्ट
शनिवारी बसण्याआधी तीन-चार गोष्टी, ज्या इंजिन फ्रेममध्ये असतानाच कराव्या लागतात. चेन लावलेली असतानाच, गिअरमध्ये टाकून, मागचा ब्रेक दाबून पुढच्या स्प्रॉकेटचा नट सैल करून घ्या. इंजिन टेबलवर घेतल्यावर तो नट सोडवायला काहीच धरायला राहत नाही. गिअर ऑइल इंजिन कोमट असताना काढा. आणि काहीही उघडण्याआधी बाहेरून रॉकेल नाहीतर डिझेल आणि ब्रशने पूर्ण धुऊन काढा, नाहीतर ती सगळी माती आत जाते. पेट्रोलने धुऊ नका, त्यातून बाल्कनीत तर नाहीच, शेजारच्या खिडकीत कुणी अगरबत्ती लावली तरी पेटेल.

दुसरं म्हणजे स्क्रू. साईड कव्हरचे अधिकचिन्हाचे स्क्रू साध्या फिलिप्सच्या स्क्रूड्रायव्हरने काढू नका. हे जपानी डोक्याचे असतात, जेआयएस, खाच थोडी वेगळी असते. फिलिप्सचं टोक तळाला पूर्ण टेकत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतं आणि खाच गोल होते. जेआयएसचं बिट आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, फार महाग नाही. कार्बोरेटरच्या बाऊलचे स्क्रू पण त्यातलेच.

आणि प्रत्येक कव्हरसाठी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात घालून आवळला की पलीकडून केसचा टवका उडतो.

शांताराम_टूटी
पुठ्ठ्याला +१

शांताराम_टूटी
आणि मॅग्नेटचा पुलर नाना पेठेत मिळेल, आरएक्सचा म्हणूनच मागा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका आणि क्रँकच्या टोकावर घण मारू नका. मॅग्नेट निघाला की छोटी अर्धचंद्राकृती चावी खाचेतून काढून लगेच डबीत ठेवा, नाहीतर ती गुपचूप मॅग्नेटलाच आतून चिकटते आणि माणूस पलंगाखाली शोधत बसतो.

बाल्कनी_गॅरेज
अपडेट. हाफ झालं. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूला उभा घासलेला दिसतोय, फार खोल नाही पण नखाला लागतोय. पुलर लावून मॅग्नेट काढला, डाव्या सीलचं रबर दगडासारखं झालंय. आणि मुख्य म्हणजे रॉडला वर-खाली प्ले आहे. फार नाही, पण टक् आवाज स्पष्ट येतो.

म्हणजे फुल.

खटपट्या
मग फुल. निदान आता का खोलतोय हे माहीत आहे. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे म्हणजे गरम होऊन धरायच्या बेतात होती, डाव्या सीलची हवा हेच कारण.

आता उजवी बाजू. कव्हर काढलंत की क्लच दिसेल. स्प्रिंगचे स्क्रू एकदम नाही, सगळे थोडे थोडे फिरवून काढा. प्रेशर प्लेट निघाली की पुश रॉड बाहेर ओढा, आणि इथे सावध, आत दोन रॉडच्या मधे एक छोटा पोलादी छर्रा असतो. तो ग्रीसमुळे आतच राहतो आणि इंजिन आडवं केलं की कधीतरी टुणकन बाहेर पडतो, तेव्हा कुणाला पत्ता नसतो तो कुठला. परत जोडताना विसरला तर क्लच सुटणारच नाही. साध्या लोहचुंबकाने ओढून घ्या.

क्लचच्या मधल्या नटची वॉशर वाकवून लॉक केलेली असते, ती आधी सरळ करा. प्रायमरी गिअरचा नट सोडवायला दोन गिअरच्या दातांमध्ये ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा मऊ तुकडा अडकवा. लोखंडी पाना अडकवू नका, दात उडतो. क्लचच्या बाहेरच्या हाउसिंगला प्लेटच्या कानांनी खाचा पडल्या असतील तर त्या बघून घ्या, खोल असतील तर क्लच धरतो-सुटतो असा त्रास देत राहतो.

किक शाफ्टची स्प्रिंग आणि गिअर बदलायचा शाफ्ट, दोन्हींचे काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो.

प्रेक्षक_पहिला_नंबर
काका तुम्ही सर्व्हिस मॅन्युअल आहात चालतंबोलतं.

खटपट्या
नाही हो, मॅन्युअल वेगळं घ्याच. टॉर्क आणि क्लिअरन्सचे आकडे माझ्या डोक्यातून घेऊ नका, मॅन्युअलमधून घ्या.

नटबोल्ट
क्रँककेस उघडताना. हे इंजिन उभं दोन भागात उघडतं, डावं-उजवं. सगळे स्क्रू निघाले असं वाटलं की एकदा परत बघा, कॉइल प्लेटच्या मागे लपलेला एखादा राहतोच. जोडात स्क्रूड्रायव्हर घालून फाकवायचं नाही म्हणजे नाही. त्या जोडात बहुतेक कागदी पॅकिंगसुद्धा नसतं, नुसता बॉन्ड (सील करायचा चिकट पदार्थ) असतो, आणि ओरखडा पडला की तिथून आयुष्यभर हवा. केस स्प्लिटर मिळत नसेल तर लेथवाल्याकडून जाड पट्टीला भोकं पाडून करून घ्या, मॅग्नेटच्या कॉइल प्लेटच्या आट्यांना बोल्ट लावून मधला बोल्ट क्रँकच्या टोकावर हळूहळू आवळायचा. दोन्ही बाजूंनी समान फट उघडतेय ना ते बघत राहायचं. पुढून उघडतंय आणि मागे अडलंय तर थांबायचं, मागे गिअर शाफ्टवर नायलॉनच्या हातोडीने टकटक.

बेअरिंग काढायला-बसवायला केस गरम करायची. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे साधारण १०० अंशाला बेअरिंग जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली पडतं. पाण्याचा थेंब टाकला की चर्र झालं पाहिजे. गॅसच्या ज्योतीवर नको, एकाच जागी तापून केस वाकते. इंडक्शन नाही चालणार, हॉटप्लेट किंवा जुना ओव्हन. आधी केस साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, रॉकेल लागलेली केस ओव्हनमध्ये घालणं म्हणजे घराला आग लावणं.

आणि हो, स्वयंपाकाचा ओव्हन वापरून नंतर त्यात केक करू नका. बाकी तुमचं तुम्ही बघा.

बाल्कनी_गॅरेज
:हाहा: ओव्हन शब्द मी घरात उच्चारलेलाच नाही.

केस उघडली. गिअर शाफ्टचे वॉशर गळून पडू लागले म्हणून प्रत्येक शाफ्ट निघाल्या निघाल्या आहे त्या क्रमाने तांब्याच्या तारेत ओवून टाकला. क्रँकच्या उजव्या बेअरिंगवर गंज आहे, खटपट्या काका म्हणाले तसंच. गिअरचे दात चांगले आहेत.

आता तीन प्रश्न. क्रँक स्वतः करू शकतो का? कार्बन काढायला कुणीतरी कॉस्टिक सोडा सांगितलाय, तो वापरू का? आणि पिस्टन आधी घेऊ की आधी बोअर करून घेऊ?

उद्यमनगर
शेवटच्याचं आधी. पिस्टन आधी घे. स्टँडर्ड बोअर ५० मिमी, त्याच्यावर ०.२५, ०.५० असे ओव्हरसाइज मिळतात. ब्लॉक मापून कुठला लागतोय ते ठरव, तो पिस्टन हातात घेऊन लेथवाल्याकडं जा आणि त्याला सांग, या पिस्टनला बोअर कर. नुसता आकडा सांगून ब्लॉक टाकून आलास तर क्लिअरन्स नशिबावर. दोन पिस्टन एकाच डब्यातले असले तरी कुणी लहान कुणी मोठा असतोय.

आता जे कुणी सांगत न्हाई ते. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार होत्यात. त्या कडा बारीक घासून गोल केल्या पाहिजेत. नाही केल्या तर रिंग पोर्टवरनं जाताना कडेला घासत्या, अडकत्या. फोर-स्ट्रोकवाल्या लेथवाल्याला हे ठाऊकच नसतंय, कारण त्यांच्या ब्लॉकला पोर्टच न्हाईत. उभा राहून करून घे. मग घरी आणून गरम पाणी आणि भांड्याच्या साबणानं ब्रश मारून मारून धू, होनिंगची पावडर आत राहती. पांढरं फडकं फिरवल्यावर काळं येतंय तोवर धुवायचं. आणि धुतल्या धुतल्या पुसून टूटी लाव, अर्ध्या तासात गंज धरतोय.

क्रँक घरी होत न्हाई. प्रेस लागतो, आणि प्रेसनं पिन बसवल्यावर दोन्ही बाजू एका रेषेत आणायला व्ही-ब्लॉक आणि डायल. काही लोक नुसतं डोळ्यानं बघून देत्यात, तसल्याकडं जाऊ नको. तुझ्यासमोर डायल लावून दाखव म्हण. काटा मिलीमीटरच्या शंभराव्या भागात दोन-तीन घरांच्या वर हलला तर परत कर म्हणायचं, लाजायचं न्हाई.

नटबोल्ट
कॉस्टिक सोडा पिस्टन, हेड, ब्लॉक, केस यांच्या जवळपास आणायचा नाही! कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, फेस येतो, आणि त्यातून हायड्रोजन निघतो. फक्त पोलादी सायलेन्सरच्या आतल्या जाळीला चालेल, तेही हातमोजे, चष्मा आणि मोकळ्या हवेत. हेड आणि पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन बांबूच्या चपट्या काडीने खरवडा. आइसक्रीमची काडी पण चालते. एक्झॉस्ट पोर्टमध्ये बराच जमतो, तिथे वेळ द्या.

मायलेजराव
मी अजून वाचतोय, कबूल. ते पोर्टच्या कडांचं माहीत नव्हतं.

शांताराम_टूटी
@मायलेजराव या, बसा, चहा घ्या.

ऑटोल्यूबचं काय करणार? माझं मत विचाराल तर पंप बंद करून टाका आणि सरळ पेट्रोलमध्ये मिसळून घाला. पंपाने दगा दिला तर कळतच नाही, कळतं तेव्हा पिस्टन धरलेला असतो.

खटपट्या
सहमत नाही. पंप मुठीच्या केबलला जोडलेला असतो, मूठ जास्त पिळली की ऑइल जास्त, आयडलला कमी. मिसळलेल्या पेट्रोलमध्ये सगळीकडे एकच प्रमाण, म्हणून सिग्नलला उभं असताना धूर. चाळीस वर्षांपूर्वी विचार करून बसवलेली गोष्ट नुसत्या भीतीने का काढायची? आणि दगा देणारा पंप नसतो बहुतेक वेळा, आपणच टाकीत ऑइल भरायला विसरलेलो असतो किंवा नळीत हवा असते. केबलची खूण जुळवा, पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या.

शांताराम_टूटी
काका, आयडलचा मुद्दा मान्य. पण बाजारात मिळणाऱ्या नळ्यांचा दर्जा बघता मी मिसळणारच. आपापली श्रद्धा.

येझदीवाला
धागा भन्नाट चाललाय. माझ्याकडे येझदी २५० आहे, म्हैसूरच्या आयडियल जावाची. आमच्याकडे पंपबिंप काही नाही, टाकीतच ऑइल, त्यामुळे तुमचा वाद आम्हाला लागू नाही :) किक आणि गिअर एकाच लिव्हरला. तिचंही हेच सीलचं दुखणं असावं, गरम झाली की रेस धरून ठेवते. ही बीपी मशीनची टेस्ट तिला चालेल का?

नटबोल्ट
चालेल की, तत्त्व तेच. फक्त तुमच्याकडे एक्झॉस्ट दोन आहेत, दोन्ही तोंडं बंद करा. आणि रीड नाही, पिस्टननेच इनटेक उघडतो-मिटतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या बाजूचं बंद करणं जास्त नीट.

बाल्कनी_गॅरेज
बरेच दिवसांनी आलो, काम थांबलं होतं. क्रँक समोर उभा राहून ट्रू (एका रेषेत) करून घेतला (डायल लावा म्हटल्यावर आधी जरा तोंड वाकडं झालं समोरच्याचं, मग केलं). बोअर ०.५० ला झाला. पोर्टच्या कडा मीच विचारल्या, तर म्हणे 'टू-स्ट्रोक आहे होय' आणि मग करून दिल्या. उद्यमनगर, तुमचे उपकार.

एक गोंधळ आहे. डाव्या केसला मागच्या माउंटिंगजवळ बारीक तडा दिसतोय. एक जण जुनी केस देतोय स्वस्तात. घेऊ का?

खटपट्या
थांबा. इंजिन नंबर केसवरच ठोकलेला असतो. नंबर असलेली बाजू बदलली तर तो आरसी बुकाशी जुळणार नाही आणि पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला आरटीओत अडकाल. वर त्या दुसऱ्या केसचा नंबर कुठल्या गाडीचा, ती कुणाची, चोरीची का, हे तुम्हाला काय माहीत? शिवाय दोन्ही भाग कारखान्यात जोडीने मशीन केलेले असतात, वेगवेगळ्या जोड्यांचे भाग एका रेषेत बसतीलच असं नाही. तडा आर्गन वेल्डिंगने भरून घ्या. बेअरिंगच्या घराजवळ नाही ना? माउंटिंगला असेल तर व्यवस्थित भरतो. वेल्डिंगआधी बेअरिंग, सील सगळं बाहेर. आणि नंबरवर चुकूनही पॉलिश पेपर फिरवू नका, घासलेला नंबर दिसला की पुढचे प्रश्न वेगळेच असतात.

बाल्कनी_गॅरेज
माउंटिंगलाच आहे. भरून घेतला, तडा बंद. आता जोडतोय. बॉन्ड किती लावायचा?

नटबोल्ट
दिसेल न दिसेल इतका. जुना बॉन्ड थिनर आणि प्लास्टिकच्या पट्टीने काढा, ब्लेडने नाही. नवीन एकाच बाजूला, बोटाने पातळ पसरवून. जास्त लावला तर आतल्या बाजूला त्याची सुरळी होते, ती सुटते आणि ऑइलच्या वाटेत किंवा बेअरिंगमध्ये जाते. दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत ना बघा. स्क्रू मधून बाहेर, आलटून पालटून. दर दोन-तीन स्क्रूंनंतर क्रँक हाताने फिरवा आणि गिअर शाफ्ट पण. फिरणं जड झालं की तिथेच थांबायचं, काहीतरी अडलंय. जोर लावून आवळून 'बसेल' असं म्हणायचं नाही.

क्रँक हातोडीने ठोकून आत घालू नका. दोन्ही वेब (क्रँकच्या तबकड्या) आवळले जातात आणि एवढ्या कष्टाने काढलेलं ट्रू गेलं. क्रँक रात्रभर फ्रीजरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत, केस गरम, आपोआप जातो. सीलच्या ओठांना ग्रीस लावून मगच.

उद्यमनगर
पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडं. रिंगची टोकं खाचेतल्या पिनवर बसलीत का ते बोटानं बघ, मगच ब्लॉक खाली घाल. पिस्टनच्या खाली दोन लाकडाच्या पट्ट्या ठेव म्हंजे डुगडुगत न्हाई.

रिंगची फट आधी ब्लॉकमधी घालून फीलर गेजनं बघितली ना?

बाल्कनी_गॅरेज
बघितली, मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहे. ब्लॉक खाली बसला, हेड आवळलं, आणि गाडीत चढवण्याआधी परत लीक टेस्ट केली. ३०० वर काटा टेकवला आणि चहा करून आलो तरी जागेवर! टूटीचा पंप ठेवतोय, शांताराम माफ करा.

पहिल्या टाकीला काय करू? पंप आहेच, तरी पेट्रोलमध्ये पण थोडं टाकायचं का?

शांताराम_टूटी
पहिल्या टाकीला टाकाच, पंपाच्या नळीतून ऑइल येतंय याची खात्री होईपर्यंत. लिटरला २० मिली म्हणजे १:५०, तेवढं पुरे. पंप नसलेल्यांनी रनिंगमध्ये (नवीन काम केलेलं इंजिन रुळेपर्यंत) लिटरला ३० मिली. थोडा धूर येईल, शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

खटपट्या
हे ठीक. आणि रनिंगमध्ये एकाच स्पीडला तासन्‌तास चालवू नका, मूठ बदलत राहा, लांब उतारावर मूठ पूर्ण बंद करून गाडी ओढू देऊ नका. मूठ बंद म्हणजे ऑइलपण अगदी कमी आणि रेस मात्र वर. उतारावर मधूनमधून थोडी उघडायची.

आणि आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, ते टाकीत ठेवून गाडी महिना-महिना उभी करू नका. इथेनॉल पाणी ओढतं. उभी करायची असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा.

मायलेजराव
कॉक बंद करून बाऊल रिकामा करताना शेवटी मिश्रण लीन होत नाही का? तेव्हा पिस्टनला धोका नाही?

खटपट्या
चांगला प्रश्न. आयडलला, भार नसताना, काही सेकंदच असतं ते, तेवढ्याने काही होत नाही. रेस देत रिकामा करू नका म्हणजे झालं. मनाला पटत नसेल तर बाऊलच्या खालच्या स्क्रूने पेट्रोल काढून टाका, इंजिन चालू करायचीच गरज नाही.

बाल्कनी_गॅरेज
गाडी चालू झाली, धूर फक्त पहिली दहा मिनिटं, आता गरम असतानाही मूठ सोडली की रेस लगेच खाली येते. व्हिडिओ टाकतोय, आवाज मोबाईलमध्ये पत्र्यासारखा येतो तेवढं सोडून द्या. क्लच केबल थोडी ॲडजस्ट करायचीय, पहिला गिअर टाकताना खट्ट करते.

येझदीवाला
अभिनंदन! मी टेस्ट केली काल, आमच्याकडे मॅग्नेट बाजूनेच फेस येतोय. इथे गर्दी नको, नवीन धागा काढतो, खटपट्या आणि नटबोल्ट यांनी कृपया तिकडे यावं.

नटबोल्ट
येते. तोवर गिअर ऑइल काढून ठेवा आणि त्यात पेट्रोलचा वास येतोय का ते हुंगून बघा. येत असेल तर क्लच बाजूचं सीलपण गेलंय.